कोरा अंगठा

राजाबाई करकंबहून पहिल्या एसटीनं निघून नागप्पा हविनाळेच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा घरात कुकरची दुसरी शिट्टी होत होती. शनिवारची सकाळ. नागप्पा आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून नुकताच चहाला बसलेला. म्हातारी पासष्टीची, काखेत पिशवी, डोक्यावरचा पदर दातात धरलेला. तिच्यामागं तिचा जावई जोतिराम मोबाईल हातात घेऊन उभा.

"नागप्पा हविनाळे तुमीच का?"

"व्हय. तुमी कोण?"

"मग माजं पैसं टाका की!"

घ्या! ना ओळख ना पाळख, ना पाणी मागणं. नागप्पाच्या हातातला चहा बशीत सांडला. बायको अक्कम्मा चुलीपासून उठून आली, मुलगी महेश्वरी पुस्तक मिटून आली. जोतिराम बिचारा जरा समजूतदार. त्यानं सांगितलं की सासूबाईला एक फोन आला, फोनवर बोलता बोलता तिच्या खात्यातलं सगळं गेलं, मेंढरं विकून ठेवलेलं. पोलिसांत तक्रार दिली. तिथं टेबलावरच्या कागदावर त्या नंबरच्या मालकाचं नाव आणि पत्ता दिसला, तेवढा त्यानं गुपचूप फोटो मारून घेतला. नागप्पा हविनाळे, एमआयडीसीच्या मागं, अक्कलकोट रोड, सोलापूर.

"माजा नंबर ह्यो बगा," नागप्पानं आपला जुना बटणांचा फोन पुढं केला. "एकच हाय. बत्तीस वर्सं टावेलचा माग चालवतोय मी. मी कशाला कुनाला फोन करू?"

"एका मानसाचं धा नंबर असत्यात आजकाल," जोतिराम म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं.

म्हातारी काही ऐकेना. उंबऱ्यावरच बसली. "न्हाय उठनार. पैसं घिऊनच उठनार." शेजारच्या बायका भांडी घासायचं सोडून बघायला लागल्या. आता तुम्ही म्हणाल, एवढा निर्दोष माणूस, मग ओरडून सांगायचं, हाकलून द्यायचं. पण नागप्पाला ते जमेना. कारण आदल्याच दिवशी, शुक्रवारी, कारखान्यात त्याला पोलिसांचा फोन आला होता. सोमवारी आधार कार्ड घेऊन या, तुमच्या नावावरच्या नंबरची चौकशी आहे. ही गोष्ट त्यानं घरी सांगितली नव्हती. उगीच कशाला, काहीतरी चूक असेल, म्हणून गिळून टाकली होती. ती आता उंबऱ्यावर येऊन बसली.

जोतिरामनं कशीबशी समजूत घालून सासूला नेलं. ती जाता जाता म्हणाली, "मी परत येनार. घर बगून ठिवलंय मी."

महेश्वरी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. पोरगी बापासारखी गप्प नाही, आईसारखी खमकी. तिनं लगेच आपल्या मोबाईलवर सरकारची ती वेबसाईट उघडली, जिथं आपल्या नावावर किती सिम कार्डं आहेत ते दिसतं. नागप्पाच्या फोनवर एक आकडा आला, तो तिनं टाकला, आणि तिचा चेहराच उतरला.

"अप्पा, सहा हायत."

"काय सहा?"

"सहा नंबर. तुमच्या नावावर. एक तुमचा, मग बाकीचे पाच कुणाचे?"

पाच जण नागप्पा हविनाळेचं नाव पांघरून कुठं कुठं बसले होते, शिवालाच ठाऊक. महेश्वरीनं भराभरा पाचही नंबरांपुढं 'माझा नाही' अशी खूण केली. मग आधारच्या ठशांना कुलूप लावलं. कुलूप लावलं की आता कुणीही, कुठंही त्याचा अंगठा वापरू शकणार नाही म्हणे.

"मग रेशन?" अक्कम्मानं विचारलं.

"रेशनच्या दिवशी उघडायचं, घेतलं की परत लावायचं."

"अय्यो, दाराला कुलूप, पेटीला कुलूप, आता अंगठ्यालाबी कुलूप!" अक्कम्मा म्हणाली. एरवी नागप्पा हसला असता.

मग महेश्वरीनं त्याच्यापुढं मांडी घालून विचारलं. "अप्पा, नीट आठवा. सिमसाठी अंगठा कुठं कुठं लावलात?"

आणि नागप्पाला आठवलं. लख्ख आठवलं. माणसासकट, छत्रीसकट, खुर्चीसकट.

"न्हाय आठवत," तो म्हणाला.

आता हे अंगठ्याचं प्रकरण जरा समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. टॉवेलच्या मागावर दिवसभर सूत तुटत असतं. तुटलं की माग थांबवायचा, दोन टोकं अंगठ्यात आणि बोटात धरून चोळायची, गाठ मारायची, माग सुरू. असं दिवसातनं शेकडो वेळा. बत्तीस वर्षांत नागप्पाच्या अंगठ्यावरच्या रेषा पार पुसून गेल्या. दगडासारखा गुळगुळीत अंगठा. त्या कारखान्यातल्या सगळ्या जुन्या कामगारांचं तेच. रेशन दुकानात गेले, बँकेत गेले, गॅसच्या कचेरीत गेले की ठरलेला शब्द ऐकायचा. लागला नाही, परत लावा. परत. परत एकदा. चार-पाच वेळा दाबल्याशिवाय ह्या लोकांचा अंगठा कधी लागलाच नाही. त्यामुळं 'परत लावा' म्हटलं की का, कशाला, हे विचारायची सवयच मोडलेली.

ह्यावर नागप्पानं स्वतः एक युक्ती शोधून काढली होती. अंगठा डोक्याच्या केसात चोळायचा, तेल लागतं, आणि मग थोडा तिरका करून दाबायचा. दोन-तीन डावात लागतो. सगळ्या कारखान्याला ती युक्ती त्यानंच शिकवली. 'नागप्पाण्णाचा हात लागला की मशीन ऐकतंय,' असं पोरं थट्टेनं म्हणायची आणि त्याला ते आवडायचं. का आवडू नये? बत्तीस वर्षांत माणसाला आणखी काय मिळालं होतं?

तर गेल्या दिवाळीच्या आधी कारखान्याच्या फाटकासमोर एक जण रंगीत छत्री लावून, टेबल मांडून बसला. पृथ्वीराज नाव. गोरागोमटा, गोड बोलणारा. नवीन सिम घ्या, तीन महिने फुकट. पहिल्यांदा नागप्पानं घेतलं, जुना नंबर बंद करून हाच ठेवला. अंगठा लावला, पृथ्वीराज म्हणाला, लागला नाही. परत लावला. फोटो काढला, डोळे मिटले म्हणाला, परत काढला. नेहमीचंच. मग नागप्पानं युक्ती दाखवली तशी पृथ्वीराज खूश. "काका, तुम्ही तर देवमाणूस! बसा की इथं." खुर्ची दिली, चहा मागवला. पाळी सुटली तशी नागप्पानं एकेकाला बोलावलं. ये रे, घे रे, स्वस्त हाय. ज्याचा अंगठा लागेना त्याचा हात स्वतःच्या हातात धरून, केसात चोळायला लावून, मशीनवर दाबला. एकदा. परत. परत एकदा. दोन दिवसांत तेवीस जण. तिसऱ्या दिवशी पृथ्वीराजनं त्याला खोक्यासकट पाच लिटरचा कुकर दिला. "काका, हा तुमचा मान."

तोच कुकर. घरात रोज दोनदा वाजणारा. अक्कम्मा येईल त्याला दाखवायची, ह्यांना कारखान्यात मान म्हणून मिळाला.

सांगा आता, काय सांगणार होता तो महेश्वरीला? की एकट्या माझा नाही, तेवीस जणांचे अंगठे मी माझ्या हातानं त्या चोराच्या पेटीत घालून आलो, आणि बदल्यात कुकर घेतला? ह्यालाच म्हणतात तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मार देणारा हातही आपलाच.

त्याच दुपारी तो फाटकासमोर गेला. छत्रीच्या जागी उसाच्या रसाचा गाडा. रसवाला म्हणाला, तो गेला की कवाच, संक्रांतीच्या आधी. पृथ्वीराजनं दिलेला नंबर नागप्पानं लावून बघितला. बंद. परत लावला. बंद.

सोमवारी तो पोलिसांत गेला. हवालदार पन्नाशीचे, चष्मा कपाळावर सरकवलेला, माणूस वाईट नव्हता. पण पोलिसाचा प्रश्न तो पोलिसाचाच.

"आधार तुमचं?"

"व्हय साहेब."

"हा फोटो तुमचा?"

नागप्पानं बघितलं. त्याचाच चेहरा. मागं रंगीत छत्रीची कड. डोळे टक्क उघडे. 'डोळे मिटले' म्हणाला होता हरामखोर, आणि दर 'परत'ला एकेक नवं सिम काढत होता.

"माजाच हाय."

"अंगठाही तुमचा लागलाय. मग सिम काय माझं?" हवालदारांनी कागद पुढं सरकवला. "नागप्पा, माणसाचं पाकीट चोरतात, गाडी चोरतात. अंगठा हाताला असतो. तो तुम्हीच कुठंतरी लावला असणार. कुठं लावला, कुणी लावून घेतला, एवढं सांगा आणि सुटा. ह्या पाच नंबरांवरनं अकरा जणांना फसवलंय."

अकरा! नागप्पाच्या जिभेच्या शेंड्यावर पृथ्वीराजचं नाव आलं होतं. पण नाव सांगितलं की टेबल आलं, टेबल आलं की तेवीस जण आले, आणि त्यांच्यामागून वाजत गाजत कुकर आला. हवालदार म्हणणार, कमिशन घेतलंस की, मग साथीदारच तू. आणि कारखान्यातली पोरं? ज्यांनी त्याला अण्णा म्हटलं ती?

"माहीत न्हाय साहेब."

हवालदारांनी कागद परत ओढून घेतला. "माहीत नाही म्हणणारा एकतर भोळा असतो नाहीतर चोर. बुधवारी अकराला या. तेव्हाही माहीत नसलं, तर आरोपी म्हणून तुमचंच नाव पुढं जाईल. माझा इलाज नाही."

इकडे आड, तिकडे विहीर. त्या रात्री अन्न गोड लागलं नाही, मंगळवारी कामावर गेला नाही. खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडला. कुकरची शिट्टी झाली की दचकायचा. अक्कम्माला वाटलं, ताप आलाय. महेश्वरी मात्र त्याच्याकडं बघत होती. पोरींना कळतं सगळं.

दुपारी राजाबाई आली. ह्या खेपेला एकटीच. पुन्हा उंबऱ्यावर बसली, पण आता तिच्यात भांडायचंही बळ उरलं नव्हतं. नुसती बसली.

अक्कम्मानं थोडा वेळ बघितलं आणि ताट वाढलं. त्यांच्या घराची रीतच तशी, दारात आलेला शिवभक्त शरण असो की वैरी, उपाशी जाता कामा नये. कुकरमधला गरम भात, आमटी, एक भाकरी. "आधी जेवा आजी. भांडण काय, नंतर करता येतंय."

म्हातारीनं हात धुतला आणि जेवायला बसली. दोन घास खाल्ले आणि रडायला लागली. घास तोंडात, डोळ्यांतून पाणी. भाकरी मोडता मोडता तिच्या हाताकडं नागप्पाचं लक्ष गेलं. लोकर कातून कातून अंगठा झिजलेला, भेगाळलेला. रेष म्हणून एक नाही.

"आजी," त्यानं खाटेवरूनच विचारलं, "फोनवर काय म्हनला ओ त्यो?"

"काय म्हनला... आजी, तुमचा अंगठा उमटत न्हाय न्हवं? म्हनून तुमची पेन्शन बंद हुनार. मी म्हनलं, व्हय बाबा, न्हाय उमटत, सात-सात डाव लावती मी. तर म्हनला, मग अंगठा र्‍हाऊ द्या. आता तुमच्या फोनवर आकडं येतील, तेवढं सांगा, अंगठ्याचं काम त्यात हुतंय. मला बरं वाटलं की रं. म्हनलं, चला, एकदाचा तरास चुकला." तिनं पदरानं नाक पुसलं. "मला तर वाटलं, पुण्यवान मानूस हाय. माजं दुखनं वळखलं त्यानं."

ऐकलंत? ज्याच्या कोऱ्या अंगठ्यावर सिम निघालं, त्याच सिमवरून कोऱ्या अंगठ्याच्या म्हातारीला लुबाडलं. नागप्पा उठून बसला होता. तो बोलायला लागला. टेबल, छत्री, खुर्ची, चहा, तेवीस जण, सगळं. राजाबाईसमोरच. बोलताना त्यानं एकदाही बायकोकडं बघितलं नाही.

सांगून झालं. अक्कम्मा कुकरकडं बघत होती. मग उठली, उरलेला भात पातेल्यात काढला आणि कुकर घासायला घेतला.

"काय करतीस?"

"घासून देते. चोराचा असला तरी आपल्या घरातनं खरकटा जायला नको."

महेश्वरी म्हणाली, "अप्पा, उद्यापर्यंत थांबू नका. तेवीस जणांच्या नावावर आजही कुणीतरी फोन करत असंल. आज कुणाची तरी आजी रडत असंल."

राजाबाईनं ताट संपवलं होतं. ती म्हणाली, "माजं पैसं ह्यांच्याकडं न्हाईत तर." कुणाला उद्देशून नाही, स्वतःलाच. आणि पिशवी उचलून एसटीला गेली. तिच्या ह्या एका वाक्यानं नागप्पाला जेवढं रडू आलं, तेवढं पोलिसांत आलं नव्हतं.

पाळी सुटायच्या वेळी तो कुकर घेऊन फाटकासमोर उभा राहिला. रसाच्या गाड्याशेजारी, बरोबर त्याच जागी. माणसं सायकली ढकलत बाहेर आली. "काय अण्णा, कुकर विकायला काढलाय का?" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. नागप्पा हसला नाही. त्यानं सगळं सांगितलं. रोखठोक शब्दांत, आडपडदा न ठेवता. ज्यानं ज्यानं त्या टेबलावर अंगठा लावला, त्यानं आपल्या नावावर किती नंबर हायत ते बघा.

आधी कुणाचा विश्वास बसेना. बिरदेव त्याच्या शेजारच्या मागावरचा, वयानं वीस वर्षांनी लहान, पंढरपुराकडच्या खेड्यातून आलेला. त्यानं महेश्वरीनं लिहून दिलेल्या कागदावरून मोबाईलवर बघितलं. चार नंबर. चार! मग दुसऱ्यानं बघितलं. तीन. तिसऱ्याचे पाच. मग शिव्या सुरू झाल्या, मराठीत, कन्नडमध्ये, दखनीत, ज्याला जी जवळची तीत. नागप्पानं सगळ्या ऐकून घेतल्या. एकानं कुकरला लाथ घातली, झाकण रसाच्या गाड्याखाली गेलं.

बिरदेवनं मात्र शिवी दिली नाही. तो जवळ येऊन म्हणाला, "अण्णा, माजा हात तुमी धरला हुता."

एवढंच म्हणाला आणि सायकलवर बसून गेला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

बुधवारी अकराला नागप्पा पोलिसांत गेला. झाकणाला पोचा पडलेला कुकर पिशवीत. वाटलं होतं एकटाच असेल, पण मागून एकेक करत सतरा जण आले. त्याच्यासाठी नव्हे, आपापल्या नावासाठी आले. कुणी त्याच्याजवळ उभं राहिलं नाही. सगळे भिंतीला टेकून, आधार कार्डं हातात धरून.

हवालदारांनी त्याचं सगळं लिहून घेतलं. कुकर टेबलावर ठेवून लिहिलं, एक कुकर, पाच लिटर, वापरलेला. मग लेखणी थांबवली.

"नागप्पा, एक सांगतो. हा कुकरचा मजकूर गेला, की तुम्ही साक्षीदार का आरोपी, हे माझ्या हातात राहत नाही. साहेब ठरवतील. काढून टाकू?"

माणूस मायाळू, खरंच वाचवायला बघत होता. नागप्पानं मागं वळून बघितलं. सतरा जणांतलं कुणी त्याच्याकडं बघत नव्हतं. सगळे कुकरकडं बघत होते.

"र्‍हाऊ द्या साहेब. लिवा."

"सही येते?"

"येते की. चौथी शिकलोय."

"करा. आणि प्रकरणच अंगठ्याचं आहे, तर अंगठाही उठवा."

नागप्पानं निळ्या शाईत अंगठा बुडवला, कागदावर दाबला. उचलला. नुसता निळा डाग. हवालदारांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, कागद डोळ्यांजवळ धरला, मग नागप्पाचा हात ओढून अंगठाच बघितला. पहिल्यांदाच बघितला त्यांनी.

"रेष कुठाय ह्याच्यात?"

"मागानं खाल्ली."

"ह्या अंगठ्यावर सहा सिम निघाली?" हवालदार स्वतःशीच म्हणाले आणि नेहमीचा शब्द त्यांच्या तोंडून सुटला, "लागला नाही. परत लावा."

नागप्पाचा हात आपोआप डोक्याकडं निघाला. केसांपर्यंत पोचला आणि त्याच्या लक्षात आलं. त्यानं मागं बघितलं. भिंतीशी उभे असलेले सतराच्या सतरा जण, आपला नंबर येणार म्हणून, उजवा अंगठा केसात चोळत होते. त्यानं शिकवलेलं. बिरदेवसुद्धा.

"हात खाली घ्या!" नागप्पा एवढ्यानं ओरडला की शेजारच्या टेबलावरची बाई दचकली. मग हवालदारांकडं वळून म्हणाला, "साहेब, रागावू नका. पैल्याचं काय झालं ते आधी दावा. मग दुसरा लावतो."

हवालदारांनी त्याच्याकडं बघितलं. कागद उलटा फिरवून त्याच्यापुढं धरला, निळ्या डागावर आडवी रेघ मारली, शेजारी आपली सही केली. "हा रद्द. बघितलंत?"

"बघितलं."

मग त्यानं दुसरा लावला. तोही कोराच उठला. हवालदारांनी तो तसाच ठेवला.

"तुम्ही तिथं बाकावर बसा. तुम्हाला एवढ्यात जाता येणार नाही. साहेब आले की बघू. पुढचा कोण?"

बिरदेव पुढं आला. त्यानं शाईत अंगठा बुडवला, आणि नागप्पा सवयीनं बाकावरून उठला, त्याचा हात धरायला.

"बसा अण्णा," बिरदेव म्हणाला. त्याच्याकडं न बघता म्हणाला. "माजा हात मी लावतो."

नागप्पा बसला. बिरदेवनं अंगठा दाबला, उचलला. हवालदार म्हणाले, परत लावा.

"आधी पैला दावा साहेब," बिरदेव म्हणाला.